कामावर गेली म्हणजे बरी झाली का?

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



2017 चा पावसाळा आपला जिल्हा विसरलेला नाही. पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. फवारणारे बहुतेक पुरुष. पण पाणी वाहणाऱ्या, फवारलेल्या शेतात निंदणाऱ्या, विषाने भिजलेले कपडे धुणाऱ्या बायाच. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

दवाखान्यातून सुट्टी झाली की माणूस बरा झाला, असे आपण धरतो. पण काही कीटकनाशकांच्या विषबाधेत दोन-तीन आठवड्यांनी पायांतले बळ जाऊ शकते. म्हणून कोण सावरेल, कोण मागे राहील, हे आधीच ओळखायला हवे.

स्वीडनमधल्या ओरेब्रो शहराच्या नावाने अशी एक प्रश्नावली आहे. ती पाठ-सांधे दुखणाऱ्यांसाठी आहे, विषबाधेसाठी नाही. पण तिच्यातून शिकण्यासारखे आहे. दुखणे किती, हे विचारून ती थांबत नाही. झोप लागते का? मन उदास असते का? तीन महिन्यांनी नेहमीचे काम कराल असे वाटते का? जखमेइतकीच भीतीही माणसाला अडवते, हे त्यामागचे सूत्र.

हा शेवटचा प्रश्न मी एका मजूर बाईला विचारला. हात थरथरत असतानाही ती तिसऱ्या दिवशी निंदायला गेली होती. म्हणाली, "कामाले नाई गेली त चूल कशी पेटन, ताई?" कागदावर ती 'कामावर परतली'. आणि घरचे काम तर तिने सोडलेच नव्हते!

म्हणून आपले प्रश्न आपणच जोडले पाहिजेत. मजुरी पूर्वीइतकी मिळते का? पाणी-सरपण कोण आणते? पुन्हा फवारलेल्या शेतात जावे लागते का? आजारपणात घरात कोण तिची बाजू घेते?

ही उत्तरे मदत लवकर पोचवण्यासाठी आहेत. 'ती तर कामावर जाते' म्हणत भरपाई नाकारायला ती कोणाच्या हाती पडू देऊ नका. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेल्यास कमाईची ताकद 30 टक्के घटली असे धरले जाई. थरथर, थकवा त्या तक्त्यात नव्हते; तिथे डॉक्टरच्या कागदावरच भिस्त. तेव्हा पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद जपा. दर महिन्याला तिच्या घरी जा, तेच प्रश्न पुन्हा विचारा, तारखेसह लिहून ठेवा.

ती कामावर गेली का, एवढेच विचारू नका. कशी गेली, तेही विचारा.