गावच्या घरात रेकॉर्डिंग: माईक कोणता, पेटी कशी?

मंडळी, अमडापुरातून बोलतोय. भजनी मंडळातले म्हातारे गाताहेत तोवर त्यांचा आवाज नीट साठवायचाय. सगळे म्हणतात कंडेन्सर माईक घे. अरे, त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, वर तो पंखा, टिनं, शेजारचा मिक्सर सगळंच उचलतो! आपल्या घरात डायनॅमिकच बरा, तोंडापासून चार बोटांवर. फोमआधी भिंतीला गोधड्या टांगा. इंटरफेस दोन चॅनलचा, यूएसबीवर चालणारा: एकात गळा, दुसऱ्यात पेटी. लाईन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम सुरू.

पेटी मात्र ऑनलाइन नकोच. दुकानात भाता भरा, पट्टी न दाबता थांबा. भाता भराभर बसला तर हवा गळतेय. मृदंग पुढच्या भागात. धुमेच्या कणकेवरच अर्धा तास जाईल.