पहिला सेल्फ

(औसा येथे हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



व्याख्यानमाला म्हटलं की संतवाङ्मय, शिवकाल, फार तर आरोग्य. ट्रक सकाळी नीट का उचलत नाही यावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मला विषय आवडला. कारण सध्या गाळप चालू आहे. कारखाना बेलकुंडचा असो की विलासनगरचा, यार्डात उसाच्या गाड्या रात्रभर रांगेत असतात. पहाटे नंबर लागतो आणि नेमकी तेव्हाच गाडी घरघरते, एकदा पेट घेते, पुन्हा बसते. दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला चालू झाली तरी रेस दिली की अडखळते, थरथरते, पांढरा धूर सोडते. मागून हॉर्न सुरू होतात. ड्रायव्हर म्हणतो, "थंडीनं आखडलीय." दहा मिनिटांनी गाडी गरम होते, गव्हाणीकडं निघते, आणि विषय तिथंच संपतो.

आज आपण हे "थंडीनं आखडलीय" तपासून बघू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून पाच-सहा वेळा जोरात हवा मारा, पंपाचं टोक गरम होतं. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्यात हेच तत्त्व होतं. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. ट्रकच्या इंजिनात हवा साधारण सतरा-अठरा पटीनं दाबली जाते. आपल्याकडं कडाक्याची पहाट म्हणजे 10-12 अंश. त्या हवेचं तापमान दाबल्यावर कागदावरच्या हिशेबानं 500 अंशांच्या आसपास जातं. चैत्रातल्या दुपारी तेच 550च्या पुढं. आणि डिझेल पेटायला साधारण अडीचशे अंश पुरतात. म्हणजे आपल्या थंडीतही हाताशी भरपूर शिल्लक उरते. औसा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळं हवा जराशी विरळ. तरीही शिल्लक उरतेच.

डिझेल गोठलं, हे दुसरं कारण हमखास सांगितलं जातं. ते लडाखमध्ये खरं आहे. तिथं पारा उणे तीसपर्यंत उतरतो, म्हणून इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल तिथं दिलं. औशात त्याची गरज नाही. निरोगी ट्रक औशाच्या थंडीत पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचलायलाच पाहिजे. उचलत नसेल तर गाडीत काहीतरी आधीपासून बिघडलेलं आहे आणि दिवसा गरम इंजिन ते झाकून टाकतंय.

मग ती शिल्लक जाते कुठं? पहिला चोर म्हणजे सेल्फचा वेग. इंजिन हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या बाजूनं निसटते आणि तिची उष्णता गार भिंती पिऊन टाकतात. आपल्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. विहिरीवरचं किर्लोस्करचं इंजिन हँडल मारून चालू करताना ते आधी डिकम्प्रेशनचा खटका उचलायचे, चाक जोरात गरगरवायचे आणि वेग आला की खटका सोडायचे. मंद हातानं ते इंजिन कधीच उठलं नाही. ट्रकला तो वेग बॅटरी देते. म्हणून पहिलं हत्यार पाना घेऊ नका, मल्टिमीटर घ्या. 24 व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारत असताना बॅटरीवर 19च्या खाली आकडा गेला तर बॅटरीकडं बघा. बॅटरी चांगली दाखवते आणि सेल्फ तरीही रडतो, तेव्हा अर्थिंगची पट्टी सोडून घासा. उसाच्या धुळीत आणि फडातल्या चिखलात तिला गंज चढतो. काम शंभर रुपयांचं असतं आणि पोरं सेल्फ बदलून मोकळी होतात. इंजिनात दाट ऑइल भरणारेही आहेत. डब्यावर 15डब्ल्यू-40 असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीतला. तो जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात सैल. कंपनीनं सांगितलेलं सोडून "जाड ऑइल टाका, इंजिन टिकतं" हा सल्ला ऐकू नका.

सेल्फ जोरात फिरतो आणि तरी गाडी घेत नाही, तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाकडं बघा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही: नोझल थेंब टाकतोय, टायमिंग मागं आहे किंवा कम्प्रेशन गेलंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरं येत राहिलं आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर ती वाफ आहे. हेड गॅस्केट बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी. एअर फिल्टर काढून झटका, काय काय निघतं ते बघा.

सगळ्यात जास्त फसवतो तो एअर धरण्याचा दोष. गाडी पटकन चालू होते, अर्धा मिनिट चालते, बसते. मग पुन्हा भरपूर सेल्फ. याचा अर्थ रात्रीतून लाइनमधलं डिझेल टाकीकडं उतरलं आणि जागेवर हवा शिरली. सील, वॉशर, होस पाइप, फिल्टरचं झाकण, कुठूनही. डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. ओढीच्या बाजूला हवा आत जाते, थेंब बाहेर येत नाही. सकाळी सेल्फ मारण्याआधी हँडपंप दाबून बघा. तो पोकळ लागला, दहा-वीस वेळा दाबल्यावर घट्ट झाला आणि गाडी लगेच उचलली, तर निदान झालं. लाइनमध्ये वीतभर पारदर्शक नळी टाकली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. एक रात्र गाडी तोंड चढाकडं आणि एक रात्र उताराकडं करून लावा. सकाळच्या त्रासात फरक पडला तर एअरचीच शंका धरा. यात नोझल-पंप उतरवायचं काहीच कारण नाही. पण उतरवतात, आणि बिल हजारांत जातं.

छोट्या हत्तीसारख्या गाड्यांची गोष्ट वेगळी. 2005 साली आलेल्या त्या गाडीचं इंजिन दोन सिलिंडरचं, आणि त्यात हीटर प्लग असतात. दोनातला एक मेला की पहाटे अर्धं इंजिन पेटतं, अर्धं नुसतं फिरतं. गाडी झिंगल्यासारखी हलते आणि मिनिटभरात सरळ होते. वायर काढून प्लगचा रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. मेलेला काहीच दाखवत नाही.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांना लोक घाबरतात. त्यांचा मेंदू कॉम्प्युटर असला तरी पोट तेच आहे. एक चाचणी मला फार आवडते. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावा, फक्त चावी ऑन करा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. बाहेर 12 अंश आणि कूलंट 60 दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि गरम इंजिन समजून कॉम्प्युटर थंड इंजिनाला डिझेल कमी देतोय. सेल्फ मारताना रेलमधलं प्रेशर हळू चढत असेल तर नोझलच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडा. ज्या बाटलीत जास्त डिझेल, तो नोझल दोषी.

आता उपायांच्या नावाखाली काय चालतं? टाकीखाली बोळा पेटवणं. इनटेकला ईथरचा स्प्रे मारणं. हीटर असलेल्या इंजिनात त्याचा भडका उडतो. ट्रॅक्टरनं ओढून चालू करणं. रोज उतारावर लावणं, म्हणजे मेलेली बॅटरी हंगामभर लपते. रात्रभर इंजिन चालू ठेवणारेही आहेत, त्यांच्या डिझेलचा हिशेब मालकानं एकदा करून बघावा. या सगळ्यांत गाडी हलते आणि दोष जागच्या जागी राहतो.

आणि मिस्त्री चुकतो तो कौशल्य नसतं म्हणून नव्हे. गाडी त्याच्याकडं वीस किलोमीटर पळून, सकाळी अकराला, गरमागरम येते. तेव्हा ती पहिल्या सेल्फला उठते. तो बिचारा काय बघणार? ड्रायव्हरचं वर्णन ऐकून अंदाजानं भाग बदलतो. मालकानं विचारावं ते क्लीनरला: किती वेळ सेल्फ मारला, धूर कोणता, चालू होऊन बसली की चालूच झाली नाही? बऱ्याचदा सगळ्यात नेमकं उत्तर त्याच्याकडंच असतं, कारण सायलेन्सरजवळ तोच उभा असतो.

म्हणून गाडीमालकांना एकच विनंती. दुरुस्तीला गाडी न्यायची तर संध्याकाळी न्या, रात्रभर गॅरेजसमोर उभी राहू द्या, आणि सकाळी मिस्त्री येईपर्यंत चावीला हात लावू नका. पहिला सेल्फ त्यालाच मारू द्या.