लॅपटॉपची निवड आणि विमानाची भीती

संगणक हा माझा शिकवण्याचा विषय. त्यामुळे परदेशी विद्यापीठांची प्रवेशपत्रं येऊ लागली, की माझ्याकडे पालकांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, मुलाला लॅपटॉप कुठला घ्यावा? तो गेमिंगचा मागतोय.’ आणि फोन ठेवता ठेवता, आवाज जरा खाली आणून, दुसरा प्रश्न येतो : ‘त्याला भेटायला जायचं तर विमानात बसावं लागेल. तुम्हाला भीती नाही वाटत?’ एकाच घरातले, एकाच महिन्यातले हे दोन प्रश्न. दोन्हींची उत्तरं कुठेतरी एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून आज त्यांच्याविषयी एकत्र बोलू.

आधी लॅपटॉप. ‘गेमिंग’ हा शब्द ऐकला की आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण गेमिंग लॅपटॉप म्हणजे पडद्यावरची चित्रं भराभर तयार करणारी स्वतंत्र चिप असलेला लॅपटॉप, इतकाच त्याचा अर्थ. या चिपला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. इमारतींचे त्रिमितीय आराखडे काढणारा, चित्रफिती संपादित करणारा, कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, या सगळ्यांना हीच चिप उपयोगी पडते. तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नाही, कामाचा. नुसतं लेखन आणि व्याख्यानं पाहणं एवढंच काम असेल, तर हा खर्च करू नये.

घ्यायचं ठरलं, तर दुकानातल्या चकचकीत पाट्यांपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, ग्राफिक्स चिपला मिळणारी वीज. एकाच नावाची चिप एका लॅपटॉपमध्ये पन्नास वॅटवर चालते, तर दुसऱ्यात शंभरावर. नाव तेच, पण कामात मोठा फरक. हा वॅटचा आकडा विक्रेत्याला विचारावाच. दुसरी, मेमरी. १६ जीबी हवीच, आणि पुढे वाढवता येईल अशी जागा आत आहे का, तेही पाहावं. तिसरी, साठवणूक. आजकालचा एखादा मोठा खेळच दीडशे जीबी जागा खातो. त्यामुळे ५१२ जीबी लवकर भरते, एक टीबी घेतलेली बरी. चौथी, उष्णता. पातळ, देखणा लॅपटॉप पंखे पुरेसे नसतील तर तापतो, आणि तापला की आपला वेग आपणच कमी करतो. दुकानात पाच मिनिटं पाहून हे कळत नाही. तोच लॅपटॉप वर्षभर वापरणाऱ्याला विचारावं.

आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी पाचवी गोष्ट, बॅटरी. १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी विमानात वेगळी परवानगी न घेता नेता येते. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि त्याहून मोठी नेताच येत नाही. अनेक दणकट गेमिंग लॅपटॉपच्या बॅटरीवर ९९ किंवा ९९.९ असा चमत्कारिक आकडा दिसतो, तो यामुळेच. विमानाच्या नियमानं लॅपटॉपची बॅटरी किती मोठी असावी हे ठरवलं आहे! लॅपटॉप हातातल्या सामानात ठेवावा; सुटी बॅटरी आणि पॉवर बँक तर हातातल्या सामानातच न्यावी लागते. कारण साधं आहे. बॅटरीनं पेट घेतलाच, तर केबिनमध्ये तो लगेच दिसतो आणि विझवता येतो. विमानातले बरेचसे नियम असे आहेत. त्यांच्यामागचं कारण कळलं, की ते जाच वाटेनासे होतात.

आता भीतीकडे वळू. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ एसटीत चालक होते. तीस वर्षं घाट चढले-उतरले. मुलाला जर्मनीत प्रवेश मिळाला, तेव्हा मला म्हणाले, ‘सर, कात्रज, खंबाटकी, काही म्हणजे काही वाटलं नाही. पण तिथं स्टिअरिंग माझ्या हातात होतं.’ विमानभीतीचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. कुणाला बंद जागेची भीती असते, कुणाला उंचीची. पण पुष्कळांना खुपतं ते हेच, की आपल्या हातात काही नाही, आणि काय चाललंय ते कळतही नाही.

त्यांच्या मुलानं एक चांगली गोष्ट केली. नव्या लॅपटॉपवर त्यानं विमान चालवण्याचा खेळ घातला. अशा खेळांची परंपरा जुनी आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ पहिल्यांदा १९८२ साली आला. जाण्याआधीचे दोन महिने बापलेक रात्री जेवणं झाली की त्यावर बसत. वडील विचारत, मुलगा खेळ थांबवून समजावून सांगे.

त्यांना कळलेल्या काही गोष्टी तुम्हालाही सांगतो. विमान वर उठलं की लगेच खालून धप्प असा आवाज येतो, ती चाकं आत जात असतात. जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात गोळा येतो. इंजिन बंद पडलेलं नसतं, उड्डाणासाठी लावलेला जोर वैमानिकानं कमी केलेला असतो. घाटमाथा आला की चालक गिअर बदलतो तसा. एअरबस ए-३२० विमानात जमिनीवर असताना कधी कधी कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. तो एका हायड्रॉलिक पंपाचा असतो.

हवेतल्या खडबडीत पट्ट्यात विमान हादरतं तेव्हा पंख हलताना दिसतात. ते हलण्यासाठीच बनवलेले असतात. २०१० साली बोइंग ७८७ च्या पंखांची जमिनीवर चाचणी झाली. उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार देऊन ते सुमारे २५ फूट वर वाकवले गेले, तरी मोडले नाहीत. हादऱ्यांत इजा होते ती बहुधा पट्टा न बांधलेल्यांना. आणि दोन्ही इंजिनं बंद पडली तर? उंचावरचं विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. २००१ च्या ऑगस्टमध्ये एअर ट्रान्सॅटच्या विमानातलं इंधन अटलांटिक महासागरावर गळतीमुळे संपलं. ते इंजिनांविना सुमारे १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं. आतले सगळे, ३०६ जण, वाचले.

हे ऐकताना तुमच्या मनात अहमदाबाद आलं असेल. १२ जून २०२५ रोजी तिथे उड्डाणानंतर लगेच बोइंग ७८७ जातीचंच विमान कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरचेही १९ जण गेले. तेव्हा विमानाला कधी काही होत नाही, असं मी सांगणार नाही. ते खोटं ठरेल आणि खोट्या धीरानं भीती जात नाही. पण तराजूच्या दोन्ही पारड्यांत पाहावं. २०२४ या वर्षात जगभरात सुमारे चार कोटी विमानफेऱ्या झाल्या. त्यांत जीवघेणे अपघात सात. आणि २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे दिवसाला सुमारे ४६०. त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, म्हणून विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सीत आपल्याला भीती वाटत नाही.

मात्र नुसत्या आकडेवारीनं हाताला सुटलेला घाम थांबत नाही. भीती तर्कानं आलेली नसते, तर्कानं जातही नाही. ती सवयीनं जाते. मानसोपचारातला मार्ग हाच आहे : घाबरवणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीनं सामोरं जायचं. अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना त्यांनी डोळ्यांवर पडदा लावून आभासी विमानात बसवलं, तर काहींना खऱ्या विमानतळावर, उभ्या विमानात. दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच फायदा झाला आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांतल्या बहुतेकांनी विमानप्रवास केला. संगणकावरचा सराव म्हणजे पोरखेळ नव्हे, तो यासाठी.

तुम्हीही पायऱ्या करा. आधी कुणाला तरी पोचवायला विमानतळावर जा. मग मुंबई-नागपूरसारखा तास-दीड तासाचा प्रवास, सोबत कुणीतरी घेऊन. जागा पंखाजवळची मागा, तिथे हादरे कमी जाणवतात. भीती दाटून आली तर श्वास सावकाश सोडा, आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. भीतीची लाट काही मिनिटांत शिगेला पोचते आणि ओसरते. तिच्याशी झगडू नका. दारू किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेची गोळी, हे मात्र नको. घाबरून जीव कासावीस होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात काही कमीपणा नाही. आणि टाळत राहू नका. प्रत्येक रद्द केलेल्या तिकिटाबरोबर भीती थोडी मोठी होते.

ते चालक गृहस्थ आधी नागपूरला जाऊन आले, आणि दुसऱ्या वर्षी फ्रँकफर्टला. भीती गेली का, असं मी विचारलं. म्हणाले, ‘नाही. खुर्चीचा हात अजून घट्ट धरतो. पण कुठला आवाज कशाचा, ते कळतं. आणि पोरगा दिसला.’

लॅपटॉप असो वा विमान, आत काय चाललंय ते विचारायला लाजू नका. दुकानदाराला विचारा, हवाई सुंदरीला विचारा. ‘हा माझा पहिलाच प्रवास आहे, जरा भीती वाटते,’ असं नुसतं सांगितलं, तरी त्या येता-जाता तुमच्याकडे लक्ष ठेवतात. मुलं दूर गेली आहेत, जाणार आहेत. त्यांनी तिथे मांडलेलं घर फक्त त्या लॅपटॉपच्या पडद्यावरच पाहायचं, असं काही नाही. तिथवर जाता येतं.