टोरांटोच्या पालिकेकडून आपण काय घ्यावे?

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



बेळगावच्या सभेत कॅनडाच्या पालिकांचे काय काम, असे कोणाला वाटेल. पण आपल्यापैकी अनेक घरांतली मुले-सुना आज टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनला आहेत. आणि तिथल्या पालिकेवर जे गुदरले ते ऐकले, तर ते आपल्याला परके वाटणार नाही.

ऑन्टारियो प्रांतात दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी सर्व गावांच्या निवडणुका एकाच दिवशी होतात. महापौर लोक थेट निवडतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या बांधवांनी 2022 साली तसाच निवडला. आपल्याकडे मात्र तो नगरसेवक निवडतात. ऑन्टारियोत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, माणसाचे असते. उलट व्हँकुव्हरला पालिकेचे वेगळे स्थानिक पक्ष आहेत, प्रभागच नाहीत. दहाही नगरसेवक सगळे शहर मिळून निवडते. प्रभाग असावेत का, असे 2004 साली लोकांनाच विचारले, तेव्हा बहुमताने नको म्हटले.

आता टोरांटोचे ऐका. 2018 साली 47 प्रभागांची निवडणूक ठरली होती. 1 मेपासून अर्ज भरणे सुरू होते, उमेदवार दारोदार फिरत होते. अर्जाच्या अखेरच्या दिवशी, 27 जुलैला, प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांनी जाहीर केले की नगरसेवक फक्त 25 राहतील. हे गृहस्थ पूर्वी याच पालिकेत नगरसेवक होते, आणि 2014 साली महापौरपदाची निवडणूक हरले होते. ऑगस्टमध्ये कायदा झाला. 10 सप्टेंबरला न्यायाधीशांनी तो घटनाबाह्य ठरवला, 19 सप्टेंबरला अपील न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि 22 ऑक्टोबरला मतदान 25 प्रभागांतच झाले. 2021 साली सर्वोच्च न्यायालयानेही पाच विरुद्ध चार मतांनी प्रांताचीच बाजू उचलून धरली. कारण 1867 च्या राज्यघटनेने पालिका हा विषय प्रांताच्या हाती ठेवला आहे.

लंडन नावाच्या ऑन्टारियोतल्याच शहराने 2018 साली पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत आणली. 2020 साली प्रांताने तीही काढून टाकली.

वरचे सरकार पालिकेला कसे वागवते, हे बेळगावकरांना कोणी शिकवायला नको. 2005 साली महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला म्हणून आपली पालिका बरखास्त झाली. 2021 च्या सप्टेंबरात 58 प्रभागांची निवडणूक झाली, पण महापौर मिळायला 2023 चा फेब्रुवारी उजाडला! कागदावर आपण टोरांटोपेक्षा सुरक्षित आहोत. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने पालिकेला पाच वर्षांची मुदत दिली आणि बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक घेण्याचे बंधन घातले. पण मागणारा जागा नसेल, तर कायद्याचा उपयोग काय?

म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. 2022 साली टोरांटोत जेमतेम 30 टक्के लोकांनी मत दिले. 2023 च्या महापौर पोटनिवडणुकीत 102 उमेदवार उभे होते, आणि ऑलिव्हिया चाऊ सुमारे 37 टक्के मतांवर निवडून आल्या. म्हणजे जिथे लोक घरी बसतात आणि मते फुटतात, तिथे एकत्र येणारा लहान समाजही निकाल फिरवू शकतो. आणि एकत्र न येणारा मोठा समाजही हरतो. 2021 साली 35 जागा भाजपने घेतल्या आणि आपले मोजकेच आले. एकाच गल्लीत आपलेच दोन-दोन उमेदवार उभे राहिले, तर दोष बंगळूरला देऊन भागणार नाही.

तेव्हा आमची विनंती तीन गोष्टींची आहे. प्रभागरचनेचा मसुदा निघताच तो मंडळात वाचावा आणि हरकत मुदतीत नोंदवावी. प्रत्येक घराने मतदार यादीत आपली नावे तपासावीत. एका प्रभागात एकच उमेदवार ठरवावा, तोही अर्ज भरण्यापूर्वी. आणि कॅनडातल्या मुलांपैकी ज्यांनी नागरिकत्व घेतले आहे, त्यांना पुढच्या फोनवर एवढे जरूर विचारा, तिथल्या पालिकेला मत दिलेस का? कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना तो हक्क नाही, मग घरपट्टी भरत असले तरी. ज्यांना हक्क आहे, त्यांनी तो वाया घालवू नये. इथेही आणि तिथेही.

जय हिंद, जय महाराष्ट्र!