मोडून बांधलेला ठेका

बुलढाणा तालुक्यांत देऊळघाट नांवाचें गांव आहे. पैनगंगा नदी ज्या डोंगरांत उगम पावते ते डोंगर या गांवाच्या पलीकडचे. वऱ्हाडांत गांवोगांवीं वरात पूर्वीं सनई आणि डफडें यांच्या नादावर निघे. पुढें पितळी वाद्यांचा बँड आला. आणि अलीकडे मोटारीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची उतरंड आली, जिला सारा महाराष्ट्र ‘डीजे’ या दोन अक्षरांनीं ओळखतो. देऊळघाटासारख्या गांवांतील तरुण या गाडीमागें नाचतो, आणि घरीं परतल्यावर हातांतील मोबाईलवर लंडन किंवा बर्लिन येथील नृत्यसंगीतही ऐकतो. पूर्वीं असें संगीत मुंबईसारख्या शहरांत एकाद्या हौशी गृहस्थाच्या घरीं तबकडीच्या रूपानें येई, आणि ती तबकडी ऐकावयास मिळणें हाही भाग्याचाच प्रकार असे. आतां तो अडसर उरला नाहीं. त्यामुळें या संगीताच्या रसिकांत जो वाद जगभर चालला आहे, तो मराठी मुलखांतही ऐकूं येतो. या विद्युत्-नृत्यसंगीताच्या जाती किती, त्या ओळखाव्या कशा, आणि मध्यंतरीं मागें पडलेला ‘ब्रेकबीट’ खरोखरच परत आला आहे काय, हा तो वाद.

हाउस, टेक्नो, ट्रान्स, जंगल, ड्रम अँड बेस अशीं हीं नांवें कानीं पडलीं कीं जुन्या पिढीचा श्रोता हंसतो. दणदण ती दणदण, तिच्यांत पोटजाती कसल्या, असें त्यास वाटतें. पण किराणा आणि जयपूर यांच्या गायकींतील भेदांवर ज्यांनीं रात्रीं जागविल्या त्यांनीं तरी हंसूं नये. घराण्यांस जशीं गांवांचीं नांवें मिळालीं, तशींच येथेंही मिळालीं आहेत. हाउस शिकागोचें, टेक्नो डेट्रॉइटचें, आणि ट्रान्सची एक सुप्रसिद्ध शाखा तर आपल्या गोव्याची. १९९० नंतरच्या दशकांत हणजुण्याच्या किनाऱ्यावर जें संगीत पहाटेपर्यंत चाले, तें ‘गोवा ट्रान्स’ या नांवानेंच युरोपांत व इस्रायलांत गेलें. तेथील वादक तबकड्यांऐवजीं ध्वनिफिती वापरीत, कारण गोव्याच्या उन्हांत तबकडी वांकडी होई. एका ऋतूनें एका घराण्याच्या रीतीवर टाकलेली ही छाप मोठी मौजेची आहे.

या सर्व जातींची पहिली वांटणी ठेक्यावरून होते. चार मात्रांचें एक आवर्तन धरिलें, तर हाउस, टेक्नो व ट्रान्स यांत चारही मात्रांवर मोठ्या ढोलाचा सारखाच घाव पडतो. हाउसची लय मिनिटास साधारण १२० ते १३० मात्रांची, ट्रान्सची त्याहून चढी. पण घाव सरळच. ब्रेकबीटमध्यें तसें नाहीं. तेथें मोठा ढोल समेवर पडतो, मग जेथें त्याची वाट पाहावी तेथें येतच नाहीं आणि दोन मात्रांच्या मधल्या फटींत उमटतो. लहान ढोल दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ठाम उभा राहतो, आणि त्याखेरीज मधल्या पोकळींत हलके, जवळजवळ पुटपुटल्यासारखे घाव टाकीत जातो. आवर्तन मोडल्याचा भास होतो, पण सम चुकत नाहीं. ज्यांनीं ठुमरी ऐकली आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. ठुमरीच्या अखेरीस गवई मुखडा धरून बसतो आणि तबलजी दीपचंदी सोडून लग्गीवर उतरतो; तेव्हां बैठकींत जी हालचाल उठते, तिचें मूळ याच युक्तींत आहे. ढोलकीच्या फडांत तोडा वाजतो तेव्हांही हेंच घडतें. फरक एवढाच, कीं आपल्याकडे लग्गी हा शेवटचा क्षण असतो. ब्रेकबीटवाल्यांनीं तो क्षणच सबंध रात्रभर लांबविला.

हा क्षण लांबविण्याची रीत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत गाजली, असें या संगीताच्या इतिहासांत सांगतात. क्लाइव्ह कॅम्पबेल हा जमैकांत जन्मलेला तरुण ‘कूल हर्क’ या नांवानें तबकड्या वाजवी. त्या रात्रींचा जलसा त्याच्या बहिणीनें भरविला होता. मुलींस २५ सेंट व मुलांस ५० सेंट अशी प्रवेशाची वर्गणी होती. हर्कच्या ध्यानांत असें आलें होतें कीं, गाणें थांबून नुसता ताल वाजूं लागतो, त्या थोड्या सेकंदांसाठींच नाचणारे दम राखून असतात. या जागेस ‘ब्रेक’ म्हणत. त्यानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेविल्या. एकीवरील ब्रेक संपतांच दुसरीवरील सुरू करावयाचा, तोंवर पहिली उलटी फिरवून ठेवावयाची. काम हातचलाखीचें, पण त्यांतून एक सबंध संगीत निघालें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत ध्वनीचा तुकडा स्मृतींत साठवून हवा तसा पुन्हां वाजविणारीं यंत्रें आलीं, आणि ब्रेक कापणें, उलटणें, त्यांतील एकेक घाव सुटा करून नव्यानें ओंवणें, हें टेबलावरचें काम झालें. १९९० च्या सुमारास लंडनमधील तरुणांनीं असे तुकडे मिनिटास १६० मात्रांच्या वर पळविले, खालीं जमैकाच्या संगीताचा संथ खर्ज ठेविला, आणि जंगल ही जात जन्मली. तिचेंच पुढचें, अधिक आटोपशीर रूप म्हणजे ड्रम अँड बेस.

हे सारे तुकडे मूळचे कोणाचे, हा या प्रकरणाचा गाभा आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध तुकडा १९६९ सालचा. ‘द विन्स्टन्स’ नांवाच्या अमेरिकन वाद्यवृंदानें एक ध्वनिमुद्रिका काढिली. तिच्या पहिल्या बाजूचें गाणें लोकप्रिय झालें, त्यास ग्रॅमी पारितोषिकही मिळालें. दुसऱ्या बाजूस ‘आमेन, ब्रदर’ नांवाची एक वाद्यरचना होती. बाजू भरण्यापुरतीच ती असावी, असें तिच्याकडे त्या वेळीं पाहिलें गेलें. तिच्या मध्यावर इतर वाद्यें थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक चार आवर्तनें एकटा वाजवितो. अवघे सहा-सात सेकंद. पहिलीं दोन आवर्तनें सारखीं. तिसऱ्यापासून लहान ढोल किंचित् मागें सरतो, चौथ्यांत समच रिकामी सोडली आहे. हे सहा-सात सेकंद पुढें हजारों ध्वनिमुद्रणांत वापरले गेले. जंगलचा तर तो पायाच. कोलमन यास त्याबद्दल एक पैही मिळाली नाहीं. तो २००६ सालीं निधन पावला. अखेरच्या काळांत त्यास राहावयास घरही नव्हतें. वृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्याकडे मुद्रिकेचे हक्क होते, पण त्यांसही मानधन कधीं मिळालें नाहीं. २०१५ सालीं ब्रिटनमधील दोघां डीजे मंडळींनीं वर्गणी काढून सुमारें २४,००० पौंड त्यांच्या हातीं दिले. स्पेन्सर २०२० मध्यें वारले. देणारे देऊं लागले तोंवर वाजविणारा जाऊन नऊ वर्षें लोटलीं होतीं, ही गोष्ट या रसिकांच्या वादांत वारंवार निघते, आणि निघावी हें योग्यच आहे.

ही अमेरिकेची कथा म्हणून येथें कोणी सुस्कारा टाकण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील ध्वनिमुद्रिकांवर गायकाचें नांव असे, संगीतकाराचें असे. ढोलकी कोणाची, हें शोधावयास गेल्यास बहुधा कागद कोराच. भारतीय कायद्यांत १९५७ पासून कवीचे व संगीतकाराचे हक्क होते. वाजविणाऱ्यास स्वतःचा हक्क १९९४ सालच्या दुरुस्तीनें मिळाला, आणि त्याची २५ वर्षांची मुदत १९९९ च्या दुरुस्तीनें ५० वर्षें झाली. हक्क झाला, पण आज ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’ अशा नांवांनीं जीं मिश्रणें गांवोगांवच्या गाड्यांवर वाजतात, त्यांतील हलगी कोणाच्या हातची होती हें ऐकणाऱ्यास क्वचितच कळतें. पुष्कळदां मिश्रण करणाऱ्यासही तें ठाऊक नसतें.

मुंबईच्या चरणजित सिंग यांची गोष्ट याहून निराळी. ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक. १९८२ सालीं त्यांनीं रोलंड कंपनीचीं तीन जपानी यंत्रें जुळविलीं: एक स्वरपेटीसारखें, एक तालाचें, आणि ‘टीबी-३०३’ हें तिसरें, जें गिटार वाजविणाऱ्यांस खर्जाची साथ मिळावी म्हणून काढिलें होतें आणि बाजारांत पुरतें आपटलें होतें. यांवर त्यांनीं भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग सरळ चार घावांच्या ठेक्यावर वाजवून एक मुद्रिका केली. ती खपली नाहीं, विसरली गेली. २००२ सालीं एका डच संग्राहकास ती दिल्लींत सांपडली, २०१० मध्यें ती पुन्हां निघाली, आणि जगभरच्या रसिकांत खळबळ उडाली. कारण तिचा नाद शिकागोंत १९८७ सालीं जन्मलेल्या ‘ॲसिड हाउस’सारखा होता, आणि ती त्याच्या पांच वर्षें आधींची. तेव्हांपासून सिंग यांस त्या जातीचे जनक म्हणण्याची एक चाल पडली आहे. ही स्तुति जरा सैल आहे. शिकागोच्या मंडळींनीं ही मुद्रिका ऐकली होती असें दिसत नाहीं, आणि ज्याची संततीच नाहीं त्यास जनक कसें म्हणावें? एकच यंत्र दोन ठिकाणीं दोन जिज्ञासूंच्या हातीं पडलें आणि दोघांनींही त्याच्या कळा पिळून पाहिल्या, एवढेंच खरें. पण वृद्धपणीं सिंग यांनीं ही यंत्रें घेऊन युरोपांत पुन्हां कार्यक्रम केले, आणि २०१५ सालीं निधन होण्यापूर्वीं त्यांस आपले श्रोते भेटले. कोलमनच्या वांट्यास तें आलें नाहीं.

मोडलेल्या ठेक्याशीं हिंदुस्थानी तालाची भेट घडविली ती लंडनमध्यें वाढलेल्या तलविन सिंग या तबलावादकानें. त्याच्या ‘ओके’ या संग्रहास १९९९ सालीं ब्रिटनचें मर्क्युरी पारितोषिक मिळालें. त्यांत तबल्याचे बोल आणि ड्रम अँड बेस हे शेजारीं बसतात, तेव्हां दोन परके भेटल्याचें वाटत नाहीं. दोघांसही सम कोठें लपवावी हें ठाऊक आहे.

मग पुनरुज्जीवनाचें काय? २००० नंतर नृत्यगृहांत सरळ घावाचें राज्य पसरलें, आणि ब्रेकबीट हा थोड्या निष्ठावंतांचा पंथ होऊन राहिला. गेल्या दहाएक वर्षांत तो पुन्हां मोठ्या रंगमंचावर आला आहे. बेलफास्टच्या ‘बायसेप’ या जोडीची २०१७ मधील ‘ग्लू’ ही रचना, किंवा निया आर्काइव्ह्ज या ब्रिटिश तरुणीचा २०२४ मधील संग्रह, हीं त्याचीं ठळक उदाहरणें. जुने रसिक कुरकुरतात, कीं ही केवळ आठवणींवरची कल्हई आहे. तेच तुकडे, तीच घाई, नवें कांहींच नाहीं. नवे म्हणतात कीं, जंगल जन्मलें तेव्हां आम्ही पाळण्यांतही नव्हतों, तेव्हां आम्हांस आठवण कसली? यांत नव्यांची बाजू बळकट दिसते. तुकडा तोच असला तरी निया आर्काइव्ह्ज त्यावर स्वतःचें दुःख स्वतःच्या गळ्यानें गाते. जुन्या जंगलांत गळा बहुधा दुसऱ्या तबकडीवरून उचललेला असे. पण जुन्यांच्या कुरकुरीतही एक खरा कांटा आहे. आज तुकडे कापावयास यंत्र विकत घ्यावें लागत नाहीं, संगणकावर एका कळीनें सारे घाव सरळ रेषेंत बसतात, आणि सरळ बसविलेला ब्रेकबीट हा सरळ ठेक्याहूनही नीरस लागतो. कोलमनचा लहान ढोल किंचित् मागें सरला नसता, तर त्याच्या त्या सेकंदांकडे कोणी वळून पाहिलें नसतें.

हाच प्रकार वरातीच्या गाडीवर होतो. हलगी व डफडें हीं मुळांतच मोडत्या ठेक्याचीं वाद्यें. एक काडी आघात धरते, दुसरी त्याच्याभोंवतीं खेळते. वादक नाचणाऱ्याच्या पायाकडे पाहून घाव पुढें-मागें करितो. मिश्रण करणारा यंत्रावर तेंच वाजविणें चार सारख्या चौकटींत दाबून बसवितो, खालीं मोठा ढोल घालतो, आणि मग उणें पडलेलें कर्कशपणानें भरून काढितो. २००० सालच्या नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. गाडीजवळ उभें राहिलेल्या माणसास ती मर्यादा म्हणजे थट्टाच वाटेल. तालांत जागा उरली नाहीं म्हणजे आवाज वाढवावा लागतो, असा हा संबंध असावा. ब्रेकबीटच्या वादांत रमणारा वऱ्हाडी तरुण मात्र या बाबतींत लंडनच्या तरुणाहून भाग्यवान्. त्यास ब्रेक पन्नास वर्षांपूर्वींच्या तबकडींत शोधावयास नको; तो वाजविणारा पुढल्या लग्नसराईंत आळींतून जाणार असतो. त्याचें वाजविणें त्याच्या संमतीनें मुद्रित करावें, नांव लिहून घ्यावें, बिदागी ठरवावी, आणि चौकटींत न दाबतां जसेंच्या तसें ठेवावें. अशा मुद्रणांत एकादा घाव किंचित् उशिरा पडतो, एकादा आधींच येतो, आणि ऐकणाऱ्याचें पाऊल मध्येंच थबकून मग समेवर टेकतें.