साराएव्हो : ग्रंथालयांच्या वाटेने



बाल्कन प्रदेशाची सहल घडविणाऱ्या प्रवासी कंपन्या साराएव्होला बहुधा अर्धा दिवस देतात. १९१४ साली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली तो लातिन पूल दाखवायचा, कॉफी पाजायची आणि मंडळींना मोस्तारकडे न्यायचे, असा तो क्रम. माझे सांगणे असे की, बोस्नियात आपले आपण जावे आणि साराएव्होत निदान चार दिवस मुक्काम करावा. मिल्यात्स्का नदीच्या काठाने हे शहर पायी हिंडता येते. बाश्चार्शिया ही तेथील जुनी पेठ. तिच्यातील तांबट आळीत अजून भांड्यांवर ठोके पडतात. पेठेतले काही शब्दही आपल्या कानांना परके वाटत नाहीत. दुकानाला 'दुचान', शत्रूला 'दुश्मन', साखरेला 'शेचेर'. पहिले दोन तुर्कांच्या अमदानीत तिकडे रुजले, आपल्याकडे ते फारसीतून आले. तिसरा मात्र आपल्याच 'शर्करे'पासून निघून फारसी-तुर्कीच्या वाटेने इतक्या दूर पोचला.

परंतु शतायुषी ग्रंथालयाच्या अंगणात उभे राहून पेठेचेच वर्णन करणे बरे नव्हे.

पेठ संपते तेथे नदीकाठी 'व्हियेच्नित्सा' ही भव्य वास्तू आहे. १८९६ साली ती नगरभवन म्हणून उघडली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे राष्ट्रीय ग्रंथालय आले. एप्रिल १९९२ मध्ये सर्ब सैन्याने शहराला वेढा घातला आणि त्याच वर्षी २५ ऑगस्टच्या रात्री भोवतालच्या टेकड्यांवरून या इमारतीवर आग लावणारे तोफगोळे टाकले. कर्मचारी आणि नागरिक साखळी करून, गोळीबारात, हाती लागतील ती पुस्तके बाहेर काढीत होते. आइदा बुतुरोविच ही तरुण ग्रंथपाल त्याच सुमारास तोफगोळ्याने मरण पावली. सुमारे पंधरा लाख ग्रंथांपैकी बहुतांश जळाले. कागदाची राख शहरावर पडत राहिली. त्याआधी, मे महिन्यात, प्राच्यविद्या संस्थेतील पाच हजारांहून अधिक हस्तलिखिते अशीच भस्मसात झाली होती.

आता दुसरे ग्रंथालय पाहा. गाझी हुस्रेव्ह-बेग यांच्या नावाचे हे ग्रंथालय १५३७ सालचे. तेथील हस्तलिखिते वाचली, ती भिंतींमुळे नव्हे. ग्रंथपाल मुस्तफा याहिच, त्यांचे सहकारी आणि काँगोतून आलेला एक रात्रीचा पहारेकरी यांनी ती केळ्यांच्या खोक्यांत भरून, वेढा चालू असताना, पुनःपुन्हा नव्या जागी हलविली. वेढा सुटला १९९६ च्या फेब्रुवारीत. आज ती पेठेतच, २०१४ साली उघडलेल्या नव्या वास्तूत आहेत.

त्याच वर्षी व्हियेच्नित्साही पुन्हा उघडली. रंगीत काचांचे छत, नक्षीच्या कमानी, सारे पूर्ववत. ग्रंथ मात्र तेथे परतले नाहीत. राष्ट्रीय ग्रंथालयाचा कारभार जुन्या लष्करी बराकींच्या आवारात चालतो. मोस्तारचा १५६६ चा पूल नोव्हेंबर १९९३ मध्ये पाडला गेला आणि २००४ मध्ये स्थानिक दगड घडवून, जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधला गेला. दगड खाणीत होता, म्हणून हे जमले. एकमेव प्रत असलेल्या हस्तलिखिताला खाण नसते. (मोस्तारला मात्र रात्री राहावे, दिवसाची गर्दी ओसरल्यावरच तो पूल नीट पाहता येतो. साराएव्होहून बस नेरेत्वा नदीच्या खोऱ्यातून जाते. खिडकीची जागा सोडू नये.)

तेव्हा आपल्यापैकी कोणी गेलेच, तर आधी गाझी हुस्रेव्ह-बेग यांचे ग्रंथालय पाहावे, मग व्हियेच्नित्सा. तिच्या दाराशी जळलेल्या ग्रंथांविषयी एक पाटी लावलेली आहे. आत काढावयाची छायाचित्रे थोडी मागे ठेवून ती आधी वाचावी.