दिवेलागणीचे छायाचित्र

कोणत्याही सुशिक्षित कुटुंबातील छायाचित्रांचा जुना संग्रह उघडून पाहिला, तर त्यात एक उणीव हटकून आढळते. मुंजी असतात, लग्ने असतात, खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा असतात. पण ही सारी चित्रे दिवसाच्या लख्ख उन्हातील. कामावर गेलेली माणसे परतली आहेत, मुले परवचा म्हणत आहेत, तुळशीपुढे दिवा लागला आहे, अशी जी दिवेलागणीची वेळ, जिच्यात घराला खरे घरपण येते, तीच नेमकी संग्रहात नसते. अंधारात कॅमेऱ्याला दिसत नाही, ही समजूत याच्या मुळाशी आहे. ती निम्मी खरी आहे. उरलेल्या निम्म्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जगापुढे आली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८४३ साली, विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' हे नाटक रंगभूमीवर आणले. परंतु त्या काळच्या छायाचित्राच्या पत्र्याला दिव्याचा उजेड कोठून पुरावा? रात्रीची चित्रे घेण्याची उमेद पुढे अर्धशतकाने आली. ब्रासाई या छायाचित्रकाराने १९३० नंतरच्या दशकात पॅरिसच्या रात्री जगाला दाखविल्या. किती वेळ भिंग उघडे ठेवावयाचे, हे तो सिगारेट किती जळली यावरून ठरवी. आपल्याकडे जपाची माळ या कामी अधिक सोयीची: सेकंदास एक मणी, आणि माळेत १०८ मणी.

आता संधिप्रकाशाचे गणित पाहू. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत जो उजेड असतो, तोच चित्राच्या उपयोगाचा. इंग्लंडात सूर्य तिरका उतरतो, म्हणून तेथे हा काळ अर्ध्या तासाहून अधिक टिकतो. आपल्या अक्षांशावर तो जवळजवळ सरळ खाली जातो; म्हणून सातारा-सांगलीकडे हा काळ सुमारे बावीस ते चोवीस मिनिटांचाच. त्यातही आकाशाची निळाई आणि दिव्यांचा पिवळेपणा तोलास तोल येतात, ती घटका दहा मिनिटांहून फारशी मोठी नसते. त्याआधी दिवे फिके दिसतात. त्यानंतर आकाश काळेठिक्कर होते आणि चित्रात नुसते ठिपके उरतात.

साताऱ्यास चार भिंतींवर उभे राहिले, म्हणजे गाव पायाशी येते. मात्र पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर असल्याने सूर्य पंचांगातील वेळेआधीच दृष्टीआड होतो. नवखा माणूस तेथेच फसतो: सूर्य गेला म्हणून घाईने चित्रे घेतो, आणि खरी वेळ येते तेव्हा त्याची फिल्म संपलेली असते. सांगलीस उलट प्रकार. १९४९ साली जुन्या साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. पण भूमीचा स्वभाव त्याआधीपासूनच निराळा. येथे डोंगराचा आडोसा नाही. कृष्णेच्या काठी उभे राहून सांगलवाडीकडे तोंड केले, तर १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल मावळतीच्या आकाशावर कोरल्यासारखा दिसतो, आणि नदीचे पाणी तेच आकाश पुन्हा एकदा दाखविते. साताऱ्यास धीर धरावा लागतो, सांगलीस भान ठेवावे लागते.

तथापि केवळ वेळ साधून भागत नाही. फिल्मचा स्वभावही ओळखावा लागतो. दिवसा हिशेब सरळ असतो: उजेड निम्मा झाला, तर वेळ दुप्पट करावी. मंद उजेडात मात्र फिल्म आळसावते, तिची ग्रहणशक्तीच उतरते. कोडॅकच्या ट्राय-एक्स या फिल्मचे उदाहरण घ्यावे. प्रकाशमापकाने एक सेकंद सांगितला तर दोन द्यावे लागतात. दहा सांगितले तर पन्नास. आणि शंभर सांगितले तर बाराशे, म्हणजे तब्बल वीस मिनिटे. हे ठाऊक नसलेला मनुष्य यंत्राच्या शब्दावर विसंबतो आणि कोरी निगेटिव्ह हाती आली की फिल्मला दोष देतो. शिवाय रात्री उजेड आणि सावली यांतील अंतर मोठे असते. म्हणून सावलीस पुरेल इतका प्रकाश द्यावा आणि फिल्म धुताना वेळ थोडा कमी करावा. म्हणजे दिव्यांभोवती पांढरा गोळा होत नाही. तिपाई भक्कम असावी, आणि शटर बोटाने न दाबता तारेने दाबावे.

पूर्ण चंद्राच्या उजेडातही चित्र निघते. तो उजेड सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश. त्यामुळे नदीकाठचे देऊळ टिपण्यास मिनिटे मोजावी लागतात. पण तेवढ्यात चंद्रबिंब चित्रात आले, तर ते लांबट होते, कारण दोन मिनिटांत ते आपल्याच रुंदीइतके सरकते. म्हणून चंद्र पाठीशी ठेवावा आणि त्याचा उजेडच तेवढा चित्रात घ्यावा.

परंतु पूल आणि डोंगर उद्याही तेथेच असणार. घरातील माणसांचे तसे नाही. समजा, आजी तुळशीपुढे दिवा लावीत आहे. नातू उत्साहाने झगझगीत फ्लॅश उडवितो. चित्रात आजी येते, वृंदावन येते, मागची भिंतही येते. दिवा मात्र जळत असूनही विझल्यासारखा दिसतो, आणि संध्याकाळ नाहीशी होते. त्याऐवजी चारशे अंकाची फिल्म घालावी, भिंग एफ/२ इतके उघडावे, दिवा चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर असावा, आणि पाव सेकंदाच्या आसपास प्रकाश द्यावा. त्यापूर्वी आजीला खांबाशी टेकून बसवावे आणि 'क्षणभर श्वास रोखा' म्हणून सांगावे. नातवाने इतके केले, तर तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या, ज्योतीवर धरलेला हात आणि मागे विरघळत चाललेले आकाश, सारे एकाच चित्रात येते. त्या पाव सेकंदात हात थोडा हलला, तरी बिघडत नाही. ज्योत वाऱ्यापासून जपली जात होती, याची ती साक्षच असते.

काढलेली चित्रे सांभाळणेही तितकेच अगत्याचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले आणि सांगलीच्या कित्येक घरांत शिरले. अशा प्रसंगी भिजलेल्या निगेटिव्ह एकमेकींस चिकटून वाळल्या, तर त्या कायमच्या गेल्या. वाळण्यापूर्वीच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून त्या हलक्या हाताने सुट्या कराव्यात आणि टांगून वाळवाव्यात. त्याहून उत्तम म्हणजे त्या माळ्यावरील डब्यात ठेवाव्यात. तळमजल्याच्या कपाटात कधीही ठेवू नयेत.

छत्तीस चित्रांच्या रिळात छत्तीसच संधी असतात, आणि एकदा चुकलेले चित्र परत मिळत नाही, अशी फिल्मविषयी तक्रार करतात. ती खरी आहे. पण संध्याकाळीही तसेच असते, आणि माणसांचेही. म्हणून रिळातील पस्तीस चित्रे डोंगर, नदी, पूल यांवर खुशाल खर्च करावीत. छत्तिसावे मात्र राखून ठेवावे, आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे.